रुग्णाने रुग्णाला सांगितलेलं

डॉक्टरांच्या खोलीत निदान होतं, गोळ्यांची नावं लिहिली जातात, पुढची तारीख ठरते. प्रश्न मात्र बाहेर पडल्यावर, रिक्षात किंवा रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सुरू होतात. केमोनंतर तोंडाची चव कधी परत येते? पोटावर पिशवी लावून एस.टी.चा लांबचा प्रवास झेपतो का? मुलीच्या सासरी सांगायचं की नाही? याची उत्तरं ज्यांना ठाऊक असतात ती माणसं त्याच दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसलेली असतात. त्यांची आणि विचारणाऱ्याची गाठ पडत नाही, एवढीच अडचण.

आमच्या गटाकडे रुग्णांनी सांगितलेले अनुभव बरीच वर्षं साठत आले आहेत. पत्रं, बैठकांतल्या नोंदी, रेकॉर्ड केलेली बोलणी. आता ते सगळं नव्याने लावायचं आहे. ही टिपणं त्या कामासाठी.

*

1817 साली लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने कंपवातावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांची हकिगत आहे. त्यातली दोन त्याला रस्त्यात भेटलेली, आणि एकाला तर त्याने नुसतं दुरून पाहिलेलं. तरीही वर्णन इतकं नेमकं की पुढे आजाराला त्याचंच नाव मिळालं. थरथरता हात, पुढे झुकलेलं शरीर, घाईने पडणारी छोटी छोटी पावलं.

हे सगळं बाहेरून दिसणारं. आत काय चालतं ते आजार असलेलाच सांगू शकतो. दाराच्या चौकटीत पाऊल जमिनीला चिकटून बसतं. गोळीचा अंमल उतरायला लागला की आधी मानेत कळतं, कुणाला पोटरीत. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे नातवाच्या गमतीवर हसू उमटत नाही आणि घरच्यांना वाटतं, आजोबा रागावलेत. हे शेवटचं घरात कुणीतरी वेळेवर सांगितलं असतं तर किती रुसवे टळले असते.

*

आमच्या बैठकीतलं एक बोलणं उतरवून ठेवतो.

“काका, दारात पाय अडला की तुम्ही काय करता?”

“आधी ही मला हाताला धरून ओढायची. मग मी पडायचो. आता तिला सांगून ठेवलंय, ओढू नकोस. मी थांबतो, मनात एक-दोन, एक-दोन म्हणतो आणि फरशीची रेघ ओलांडायची असं ठरवून पाय उचलतो. रेघ नसेल तर हिचा पाय पुढे आडवा ठेवायला सांगतो.”

याला शास्त्रीय आधार आहे. चालणं आपोआप घडवून आणणारी मेंदूतली यंत्रणा या आजारात मंदावते. पण डोळ्यांना दिसणारी रेघ किंवा कानाला ऐकू येणारा ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या, जाणीवपूर्वक वाटेने तीच हालचाल करू शकतो. फिजिओथेरपीत हे शिकवतात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवला, त्यातही ताल आणि हालचाल यांचं हे नातं दिसतं. काकांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच्या बैठकीच्या खोलीत शोधलं. असे शोध ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा लावले जातात, कारण आधी लावलेला शोध पुढच्याला सापडत नाही. संग्रह नव्याने लावायचा तो यासाठी.

*

लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी जेवणाआधी घ्या, एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं. कारण सहसा सांगितलं जात नाही. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि हे औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला एकच वाट वापरतात. डाळ, दही, अंडी यांच्याबरोबर गोळी घेतली तर तिला वाट मिळायला वेळ लागतो. रुग्णांच्या भाषेत, ‘गोळी चढत नाही.’ ज्यांना हे कळलंय त्यांनी आपापले तोडगे काढलेत. कुणी डाळ-उसळ रात्रीच्या जेवणाकडे सरकवली. कुणी लग्नाला निघताना गोळी आणि पाण्याची बाटली वेगळी ठेवतो, कारण पंगत कधी बसेल याचा भरवसा नसतो.

चिठ्ठीवरची सूचना, तिच्यामागचं कारण आणि लोकांनी काढलेले तोडगे, या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी हव्यात. आज आमच्या कागदांत त्या तीन वेगळ्या ठिकाणी आहेत.

*

असे अनुभव नीट मांडण्याचं ऑक्सफर्डचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं.

ॲन मॅकफर्सन या तिथल्या फॅमिली डॉक्टर. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. अँड्र्यू हर्क्सहायमर हे औषधशास्त्रज्ञ, त्यांची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दोघांना वैद्यकीय माहितीची काय कमतरता? तरीही दोघांनाही तीच उणीव जाणवली: यातून गेलेली माणसं काय म्हणतात हे कुठेच नीट मांडलेलं नाही. त्यांनी रुग्णानुभवांचा संग्रह सुरू केला आणि 2001 साली तो लोकांसमोर आला. आज तो ‘हेल्थटॉक’ या नावाने ओळखला जातो.

त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. एका आजारासाठी साधारण 35 ते 50 माणसांच्या मुलाखती. प्रशिक्षित संशोधक शक्यतो त्या माणसाच्या घरी जातो. सुरुवातीला प्रश्नावली काढत नाही. तुमच्या बाबतीत काय काय झालं ते तुमच्या क्रमाने सांगा, एवढंच म्हणतो आणि ऐकत राहतो. प्रश्न त्यानंतर. माणसं निवडताना सरासरी बघायची नाही, वेगळेपण शोधायचं: तरुण-म्हातारे, शहरातले-खेड्यातले, शस्त्रक्रिया केलेले आणि नाकारलेले. नवीन माणसाकडून नवीन काही मिळेनासं होईपर्यंत शोध चालू ठेवायचा. मग सगळ्या मुलाखती एकत्र वाचून त्यातले विषय वेगळे काढायचे. आणि ज्याने सांगितलं त्याला विचारायचं: तुमचा चेहरा दाखवायचा, नुसता आवाज द्यायचा, की फक्त शब्द?

आमच्याकडे जो आपणहून बोलायला आला त्याचं घेतलं गेलं. त्यामुळे संग्रहात बोलक्यांची गर्दी आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, पुण्या-ठाण्याचे. जे बोलायला येत नाहीत त्यांच्या दारी आता आपणच जायला हवं.

*

अनुभवाला पुरावा म्हणायचं का, हा प्रश्न दर बैठकीत निघतो. त्यावर लिथियमची गोष्ट सांगावी.

एएलएस या आजारात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बुद्धी पुष्कळदा शाबूत राहते, शरीर निकामी होत जातं. 2008 च्या फेब्रुवारीत इटलीतल्या संशोधकांनी एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला: 16 रुग्णांना नेहमीच्या औषधाबरोबर लिथियम दिलं, 28 जणांना दिलं नाही. 15 महिन्यांत लिथियमवाल्यांपैकी कुणीच दगावलं नाही, इतरांत जवळजवळ तीस टक्के गेले. लिथियम हे मानसिक आजारासाठी वापरलं जाणारं जुनं, स्वस्त औषध. जगभरच्या एएलएसच्या रुग्णांनी आपापल्या डॉक्टरांकडे ते मागायला सुरुवात केली. त्यांच्याजवळ थांबायला वेळ नव्हता.

अमेरिकेत ‘पेशंट्सलाइकमी’ नावाचा समूह होता. स्टीफन हेवूड या तरुणाला एएलएस झाल्यावर त्याच्या भावांनी 2004 साली तो उभा केलेला. तिथे सदस्य आपली लक्षणं, औषधाची मात्रा, महिन्यागणिक घटत जाणारी ताकद हे सगळं ठरावीक मोजपट्टीवर नोंदवत. लिथियम घ्यायला लागलेल्यांनीही ते नोंदवलं. अशा 149 जणांची, आजार त्याच वेगाने वाढत असलेल्या पण लिथियम न घेतलेल्या सदस्यांशी तुलना केली गेली. निष्कर्ष 2011 साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला: फरक नाही. रीतसर चाचण्यांतूनही पुढे तेच निघालं.

या गोष्टीचं मोल मला फार वाटतं. ज्यांना उपाय हवाच होता त्याच माणसांनी प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्या आणि त्या नोंदींनी उपाय खोटा ठरवला. ‘मला बरं वाटलं’ असं एकेकाने सांगितलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. तारीख, मात्रा आणि ‘आता जिना चढता येतो का’ असा साधा, सगळ्यांसाठी सारखा प्रश्न यांमुळे ते कळलं.

म्हणून संग्रहात दोन कप्पे. औषधाचा गुण येतो का, हे चाचण्या ठरवतील. आपल्या नोंदी तिथे फार तर शंका उपस्थित करतील, आणि तेही काळजीपूर्वक ठेवल्या असतील तरच. औषध घेताना दिवस कसा जातो, या प्रश्नावर मात्र रुग्णाचा शब्द अखेरचा. दोन्ही कप्पे एकमेकांत मिसळले की नुकसान होतं. डॉक्टर सगळंच ऐकीव म्हणून बाजूला सारतात आणि रुग्ण सगळंच खरं मानून बसतात.

*

‘अमुक काढ्याने साखर कायमची गेली.’ असं लिहून आलेलं काय करायचं? 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मधुमेह, कर्करोग, अपस्मार यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. पण शेजारच्या रुग्णाच्या तोंडून आलेलं वाक्य जाहिरातीसारखं दिसत नाही, आणि म्हणूनच ते जास्त खोल जातं. ठरवलंय: जे थांबवलं तेही विचारायचं. काढा सुरू केला तेव्हा इन्सुलिन चालू होतं का? नंतर तीन महिन्यांची साखर मोजली का? ही उत्तरं नसतील तर तो अनुभव संग्रहात जाणार नाही. माणूस दुखावेल, त्याला फोन करून समजावून सांगू.

*

क्षयरोगाच्या कागदांवर सगळ्यात जास्त वेळ गेला.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी वर्षानुवर्षं कॅनामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शनं देत. रोज टोचून घ्यायची, महिनोन् महिने. त्यांनी आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. बऱ्याचदा सुरुवात कानात शीळ वाजण्याने होते. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि साधं बोलणं ऐकू येत असल्यामुळे माणसाच्या ते लक्षात येत नाही. कानाची तपासणी त्या वेळी झाली तर निदान डॉक्टरांना औषध बदलायचा विचार करता येतो.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना दोनदा आतड्याचा क्षय झाला. उपचारात त्यांची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिले यांचंही तसंच झालं. इंजेक्शनांऐवजी देता येतील अशी औषधं तोवर येऊ लागली होती. बेडाक्विलीनला अमेरिकेत डिसेंबर 2012 मध्ये परवानगी मिळाली. चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर आलेलं क्षयाचं ते नवं औषध. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नका असं सांगितलं आणि तोंडाने घ्यायच्या औषधांना पसंती दिली. पण बेडाक्विलीनवर एकाच कंपनीचा हक्क होता आणि तो 2023 पासून पुढे 2027 पर्यंत लांबवण्यासाठी कंपनीने भारतात अर्ज केला होता. या दोघींनी 2019 साली त्याला हरकत घेतली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. इतर कंपन्यांना ते औषध बनवायची वाट मोकळी झाली.

आपल्या शरीरावर जे घडलं ते सांगण्यापाशी या दोघी थांबल्या नाहीत, ते कायद्याच्या भाषेत नेऊन ठेवलं. गटातल्या नव्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगतो.

आणि संग्रहासाठी एक अगदी साधी नोंद: ‘कानात शीळ वाजते’ हे शब्द शोधणाऱ्याला थेट क्षयाच्या इंजेक्शनांच्या पानावर पोचता आलं पाहिजे. आज त्याला आधी ‘दुष्परिणाम’, मग ‘श्रवणविषयक’ अशी पायरी पायरीने वाट काढावी लागते. कानात शीळ वाजणारा माणूस ‘श्रवणविषयक’ शोधत नाही.

*

दुष्परिणाम आपला आपणही कळवता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो मुलं अवयवांत व्यंग घेऊन जन्मल्यावर ब्रिटनने 1964 साली पिवळ्या कार्डाची पद्धत सुरू केली. पण ते कार्ड डॉक्टरांनीच भरायचं. रुग्णांना ते सर्रास भरता यायला 2005 उजाडलं. आपल्याकडे औषधदक्षता कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. रुग्णांसाठी वेगळा फॉर्म आहे आणि 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक. हा क्रमांक प्रत्येक औषधाच्या पानावर, वर, मोठ्या अक्षरात.

*

खर्चाचं वेगळं पान हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसत असेल तर आधी मंजुरी लागते, म्हणून भरती होण्यापूर्वीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठायचं. हे ज्यांना उशिरा कळलं त्यांनी दागिने मोडलेत.

*

मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली पुण्यात सुरू झालं. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार मिळालेलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक म्हणून काम करतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मूळ कल्पनाही हीच: 1935 साली ओहायोतल्या ॲक्रन गावी एक दलाल आणि एक शल्यविशारद, दोघंही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलले.

मुक्तांगणने आणखी एक गोष्ट ओळखली. व्यसनी माणसाच्या बायकोचं म्हणणं त्याच्या गटात बसून निघत नाही. तिच्यासाठी वेगळा गट लागतो. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन मुळात एका घरच्या माणसाच्या पुढाकारातून उभी राहिली. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. ‘देवराई’ हा 2004 चा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने निघाला, आणि त्यात आजारी भावाइतकीच त्याची बहीणही मध्यभागी आहे.

आमच्या संग्रहात रुग्णाचं आणि सांभाळणाऱ्याचं बोलणं एकाच नोंदीत गुंफलेलं आहे. बहुतेक ठिकाणी बोलते सूनबाई आणि नाव सासूबाईंचं. दोघींचं वेगळं करायचं. दोघींना परत भेटावं लागेल, आणि शक्यतो वेगवेगळं.

*

नाव गाळलं म्हणजे माणूस लपला, असं नाही. ‘अमक्या तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई’ एवढं लिहिलं की सगळ्या गावाला कळतं. एचआयव्हीच्या बाबतीत 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाई केली आहे. इतर आजारांत, विशेषतः मानसिक आजार, मिरगी, वंध्यत्व यांत, तीच काळजी आपण आपली घ्यायला हवी. मुलीचं लग्न ठरायचं असतं, नोकरी कच्ची असते.

आणि माहितीवर डोळा असणारे असतातच. 2010 साली पेशंट्सलाइकमीच्या मनोविकारांवरच्या खासगी चर्चा नील्सन या बाजार-संशोधन कंपनीने यंत्राने उपसून नेल्या होत्या. चर्चा करणाऱ्यांनी त्या एकमेकांसाठी लिहिल्या होत्या. संमती एकदा घेतली की झालं, हे चालणार नाही. दर काही काळाने विचारायचं, आणि मागे घेतो म्हटलं की कारण न विचारता काढून टाकायचं.

*

1983 साली डेन्व्हरमध्ये एड्स झालेल्या मोजक्या माणसांनी एका परिषदेत व्यासपीठावर येऊन आपला जाहीरनामा वाचला. निर्णय जिथे होतात त्या प्रत्येक पातळीवर आम्ही असू, ही त्यातली एक मागणी. संग्रह कसा लावायचा ते ठरवणाऱ्या आमच्या समितीत आज दोन डॉक्टर, एक ग्रंथपाल आणि मी. पार्किन्सन्सच्या काकांना आणि क्षयातून उठलेल्या मालेगावच्या एका मुलीला पुढच्या बैठकीपासून बोलवायचं, सल्ल्यापुरतं नव्हे, मतासकट.

*

आजारांची अकारविल्हे यादी काढून टाकायची. त्याऐवजी माणूस जिथे उभा आहे तिथून सुरुवात. ‘आज निदान कळलं.’ ‘ऑपरेशन करायला सांगितलंय.’ ‘गोळ्या सोडाव्याशा वाटतात.’ ‘घरी सांगायचंय.’ यातली ‘गोळ्या सोडाव्याशा वाटतात’ ही सुरुवात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्षयात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच औषध सुटतं. त्या दिवसांत मन कसं फसवतं हे सांगणारे आठ-दहा आवाज तिथे हवेत. सोडून पुन्हा आजारी पडलेल्यांचेही.

*

कुणाचे अनुभव नाहीत, याची यादी करायला बसलो. ऊसतोड कामगार बायका सर्वांत वर आल्या.

बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी ऐन तारुण्यातल्या. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत सुट्टी घेतली तर मुकादम पैसे कापतो, अंगावरून जाणं वाढलं की खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. नंतर पिशवी काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली.

त्यांची मोजणी झाली, पण त्यांना जे कळलं ते पुढच्या बाईपर्यंत पोचलं नाही. ऑपरेशननंतर किती दिवसांनी मोळी उचलली? कंबर कधी धरली? बीजकोशही काढले होते का, हे तिला कुणी सांगितलं होतं का? काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्याचे सगळे त्रास, अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, हे तिच्या वाट्याला येतं. जिने पिशवी काढली नाही आणि गोळ्यांनी भागलं तीही तिथेच कुठेतरी आहे, तिचं ऐकायला हवं.

लेखी काही चालणार नाही. आवाजात घ्यायचं, त्यांच्याच बोलीत, आणि आवाजातच परत द्यायचं, साध्या फोनवर एक आकडा दाबून ऐकता येईल असं. घेणारी बाईच हवी, शक्यतो गावातली आशाताई, तिला मानधन देऊन. फडावर जाऊन उपयोग नाही, तिथे मुकादम असतो आणि पहाटेपासून कोयता चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्याआधी पावसाळ्यात त्या गावी असतात. धारूर, वडवणी, केज. जुलैत सुरू करायचं, पोळ्यापर्यंत पहिल्या मुलाखती ऐकून व्हायला हव्यात. आशाताईंना विचारायला पुढच्या आठवड्यात फोन.